आधी कॅमेरा पाहा, मग अपग्रेड

प्रश्न : मॅकवर मोहावे आणि लाइटरूम ६ आहे. दोन्ही अपग्रेड करू का?

उत्तर : एकटी सिस्टीम बदलू नका. २०१९च्या कॅटलिनापासून मॅकवर ३२-बिट प्रोग्राम चालत नाहीत आणि लाइटरूम ६चा इन्स्टॉलर ३२-बिटच आहे. लाइटरूम ६चं शेवटचं अपडेट डिसेंबर २०१७चं, त्यामुळे त्यानंतर आलेल्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल ते वाचत नाही. म्हणजे तुमचा कॅमेरा त्याआधीचा असेल, तर नव्या लाइटरूमची मासिक वर्गणी भरायची गरज नाही. मोहावेला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून बँकेचे व्यवहार या मशीनवर टाळाच. नवा कॅमेरा घेतलात, तर मात्र दोन्ही एकदमच बदला. त्याआधी कॅटलॉगची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा, कारण नव्या आवृत्तीत रूपांतरित झालेला कॅटलॉग लाइटरूम ६मध्ये उघडत नाही.