क्लासऐवजी पत्त्यांचा कॅट

चि. निखिल यास,


धाकटा सापशिडीत हरला की पट उधळतो, आपली पाळी येईपर्यंत त्याला धीर निघत नाही, म्हणून त्याला 'ब्रेन डेव्हलपमेंट'च्या क्लासला घालायचा तुम्हा दोघांचा विचार चाललाय, असं तू लिहिलंस. माझं मत विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते: घालू नका. माझं आयुष्य बालवाडीत गेलं. त्या बळावर आणि थोड्याफार वाचनाच्या आधारावर हे लिहिते आहे. सवडीने वाच, आणि वाचून झालं की सूनबाईलाही दे.

पाच वर्षांच्या मुलाने हरल्यावर पट उधळावा हे त्याच्या वयाला धरूनच आहे. मनात उसळलेली पहिली ऊर्मी आवरणं, सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं, आणि नियम बदलला की जुनी सवय सोडून नव्याने वागणं, या तीन गोष्टी त्याला अजून जमायच्या आहेत. मानसशास्त्रज्ञ या तिन्हींना मिळून 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स' म्हणतात. तीन ते सहा-सात या वयात त्या झपाट्याने वाढतात, पण मेंदूचा कपाळामागचा जो भाग हे काम पाहतो तो पुरता पिकायला विशी उलटावी लागते. तेव्हा घाई नको. आणि 'नीट बस', 'थांब जरा', 'हट्ट करू नकोस' असं दिवसभर म्हणूनही यातलं काही येत नाही.

ते खेळात येतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की याने 1933 साली एका व्याख्यानात हे फार नेमकं मांडलं होतं. एरवी मूल मनात येईल तसं वागतं, पण खेळात मात्र ते आपखुशीने नियमाला बांधून घेतं, कारण नियम मोडला तर खेळाची गंमतच जाते. तू घरातली भातुकली आठवून पाहा. दुकान-दुकान खेळताना मुलं चुरमुरे विकायला मांडतात आणि गिऱ्हाईक येईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. तेच चुरमुरे वाटीत देऊन 'आत्ता खाऊ नकोस' म्हणून बघ! पुढे मॅन्युइलेंको या रशियन संशोधिकेने मुलांना नुसतं स्तब्ध उभं राहायला सांगितलं आणि मग तेच पहारेकरी बनून करायला सांगितलं. पहारेकरी झालेली मुलं कितीतरी जास्त वेळ हलली नाहीत. 

म्हणून धाकट्यापासून सुरुवात कर आणि 'शिवाजी म्हणतो' खेळ. 'शिवाजी म्हणतो, हात वर' म्हटलं तर हात वर करायचे, नुसतं 'हात वर' म्हटलं तर हलायचं नाही. 'चिमणी उडाली, कावळा उडाला, म्हैस उडाली' हाही त्याच जातीचा खेळ. म्हशीला बोट वर गेलं की सगळे हसतात, पण त्या बोटाला आवरणं हाच सगळा अभ्यास आहे. आधी सावकाश सांग, मग वेग वाढव. आठवडाभराने सरावला की नियम उलटा कर: 'डोकं' म्हटलं की पायाचे अंगठे धरायचे, 'पाय' म्हटलं की डोक्याला हात लावायचा. अमेरिकेत मेगन मॅक्लेलँड आणि त्यांचे सहकारी लहान मुलांचा संयम मोजायला असाच उलट्या आज्ञांचा खेळ वापरतात. तू मोजू नकोस, नुसता खेळ. आणि मधूनमधून आज्ञा द्यायचं काम त्याच्याकडे दे. दुसऱ्याला फसवायचं तर नियम आपल्या डोक्यात दुप्पट पक्का लागतो. विषामृत, स्टॅच्यू, संगीत खुर्ची हे सगळे याच माळेतले, ते तुला सांगायला नकोत.

एक शांत खेळही सांगते. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत तो आहे, आणि ही पद्धत मराठी मुलखात रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांचं ऋण माझ्यासारख्या प्रत्येक बालवाडीच्या बाईवर आहे. सगळ्यांनी डोळे मिटून अगदी निश्चल बसायचं. एकाने शेजारच्या खोलीत जाऊन प्रत्येकाचं नाव कुजबुजत्या आवाजात घ्यायचं. आपलं नाव ऐकू आलं की आवाज न करता उठून तिकडे जायचं. ज्याचं नाव शेवटी येतं त्याची खरी कसोटी. जेवणाआधी हा खेळून पाहा, घर कसं निवतं ते तुलाच कळेल.

आता हरण्याबद्दल. इथे आईबाप हमखास दोन टोकांना जातात. काहीजण मुलाला मुद्दाम जिंकू देतात. पाच वर्षांच्या मुलाला ते कळतं, आणि कळलं नाही तर जास्त वाईट, कारण शाळेच्या मैदानावर त्याला कुणी मुद्दाम जिंकू देणार नाही. दुसरे 'रड्या', 'रडीचा डाव' म्हणून चिडवतात. हे शब्द तुमच्या घरात कुणी वापरू नयेत, आजोबांनीसुद्धा नाही. आपल्याकडच्या पोरांनी यावर फार शहाणी तोड काढून ठेवली आहे, ती म्हणजे कच्चा लिंबू. लहानग्याला खेळात घ्यायचं, तो धावणार, लपणार, ओरडणार, पण बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येणार नाही, आणि हे सगळ्यांना ठाऊक असतं. सवलत उघड असते, म्हणून त्यात लबाडी नाही. पटावरही तसंच कर. त्याची सोंगटी दहाव्या घरापासून निघेल, तुझी पहिल्यापासून, असं आधी बोलून ठरव आणि मग मनापासून खेळ. सवलत महिन्या-दोन महिन्यांनी कमी करत जा. कच्चा लिंबू राहायचं नाही असं एक दिवस तोच म्हणेल.

हरण्याची सवय लागायला भिकार-सावकार उत्तम. त्यात अक्कल लागत नाही, नुसतं नशीब. हातातला गठ्ठा घटकेत जातो, घटकेत परत येतो. हरणं म्हणजे आपण वाईट असणं नव्हे, हे त्याला न सांगता उमगतं. तरीही त्याने पट उधळलाच, तर डाव तिथेच संपला. भाषण द्यायचं नाही, समजूत घालायला आईस्क्रीम आणायचं नाही. सोंगट्या त्याच्याबरोबर गोळा कर आणि उद्या परत मांड. आणि पाळी येईपर्यंत धीर निघत नसेल, तर तुझी पाळी असताना फासा त्याला धरायला दे, गुण मांडायचं काम दे. वॉल्टर मिशेल यांच्या प्रसिद्ध प्रयोगात, स्टॅनफर्डच्या बालवाडीतली जी मुलं समोरचा खाऊ न खाता दुसऱ्या खाऊची वाट बघू शकली, त्यांतली बरीचशी डोळे झाकत होती, गाणी म्हणत होती, तोंड फिरवून बसत होती. वाट पाहायलाही काहीतरी करायला लागतं. मात्र तो खाऊचा प्रयोग घरी करून मुलाचं भविष्य बघत बसू नकोस. 2018 साली तो कितीतरी जास्त मुलांवर पुन्हा तपासला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर पुढच्या यशाशी असलेलं त्याचं नातं बरंच फिकं पडलं.

सापशिडी मात्र सोडू नका. पाचच्या घरात असताना फाशावर तीन पडले तर 'एक, दोन, तीन' असं न मोजता 'सहा, सात, आठ' असं घरांचे आकडे म्हणत सोंगटी न्यायला लाव. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी गरीब घरांतल्या अमेरिकन मुलांना एक ते दहा आकड्यांचा साधा पट दोन आठवड्यांत चारदाच खेळायला दिला, तेवढ्यात त्यांची संख्यांची समज वाढलेली दिसली. रंगांच्या पटावर खेळणाऱ्यांची वाढली नाही. आकडे असे पुढे म्हणत जाण्यानेच फरक पडतो, हे नंतरच्या अभ्यासात दिसलं.

थोरली नऊ वर्षांची आहे, तिला पत्ते हवेत. घरात पत्ते नकोत असं काही वडीलधारे म्हणतात, त्यांना जुगाराची भीती असते आणि ती मी खोटी मानत नाही. पैसा मध्ये आणायचा नाही, एवढा एक नियम पाळला की पुरे. बदाम सातपासून सुरू करा. बदामाची सत्ती पडली, मग किलवरची आणि इस्पिकचीही पडली, आता तिच्या हातात किलवरची अठ्ठी आहे आणि इस्पिकची छक्कीही आहे. दोन्ही लागतात. कुठली टाकायची? किलवरची अठ्ठी टाकली तर दुसऱ्यांची वाट मोकळी होईल, इस्पिकची टाकली तर तिची स्वतःचीच पंजी, चव्वी सुटेल. लागणारं पान हातात असूनही ते मागे ठेवायचं, हे ज्या दिवशी तिला सुचेल त्या दिवशी तिचा चेहरा बघ. 'नॉट ॲट होम'मध्ये कुणी कुणाला कुठलं पान मागितलं ते ध्यानात ठेवावं लागतं. आणि तिघं बसणार असाल तर पाच-तीन-दोन. पहिल्या पाच पानांवर हुकूम बोलायचा, म्हणजे पुढची पाच दिसायच्या आत बेत करायचा, आणि पाच हात नाही झाले तर पुढच्या डावात आपली पानं ओढू द्यायची. या खेळात तिची बाजू घेऊन सांगायला मध्ये पडू नकोस. चुकीची उतारी करून ती हरू दे. डाव संपल्यावर तीच विचारेल, तेव्हा दोन वाक्यांत सांग.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. यामुळे तिचे गुण वाढतील, असं मी म्हणणार नाही. संगणकावरच्या मेंदूच्या खेळांचा अनुभव असा आहे की मूल त्या खेळात तरबेज होतं, पण ती तरबेजी बाहेर फारशी येत नाही. आपल्या खेळांबद्दलही मोठे दावे नकोत. पण घरच्या खेळात समोर खरी माणसं असतात. तिथे भांडण मिटवावं लागतं, दुसऱ्याच्या जिंकण्यावर हसावं लागतं, आणि थांबायला शिकलेलं मूल त्याच घरात त्याच माणसांशी थांबून वागतं. क्लासच्या तासात हे मिळत नाही.

आणि नियम मोठ्यांनाही लागू. डाव चालू असताना तू मोबाईलकडे पाहिलंस तर तुझी पाळी गेली, असा नियम मुलांनाच करू दे आणि तो निमूट पाळ. बाप आपल्यासारखाच नियमाला बांधलेला आहे हे त्यांना दिसणं, मला वाटतं, बाकी सगळ्याहून मोठं आहे.

या रविवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून पत्त्यांचा एक नवा कॅट आण आणि रोज जेवणानंतर अर्धा तास मुलांबरोबर सतरंजीवर बस. क्लासवाल्यांना नाही म्हणून कळवून टाक.

तुझी,
आत्या