पुण्याचे पेशवे दप्तर

दप्तर म्हटलं की आपल्याला पाठीवरचे दप्तर आठवते. पण पुण्यात एक अख्खी दगडी इमारतच दप्तर आहे! तिला पेशवे दप्तर म्हणतात. सरकारी नाव पुराभिलेखागार. हे नाव लिहिताना माझे तीन वेळा चुकले. ही इमारत १८९१ साली बांधून पुरी झाली.

१८१८ साली पेशवाई बुडाली. मग पेशव्यांचे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. कोणाची जमीन इनाम आहे, कोणत्या गावाचा सारा किती, हे त्यांना बघायचे होते. म्हणजे त्यांनी कागद जपले ते इतिहासासाठी नाही, साऱ्यासाठी! आत गावोगावचे जमाखर्च आहेत, पत्रे आहेत, हत्ती-घोड्यांचा खर्चसुद्धा आहे. मला वाटले होते शिवरायांचे कागद खूप असतील. पण जास्त कागद पेशव्यांच्या काळातले आहेत.

कागद रुमालात बांधतात. रुमाल म्हणजे खिशातला नाही. मोठे चौकोनी फडके असते, त्यात गठ्ठा बांधतात. असे २५,००० च्या वर रुमाल तिथे आहेत. ते उघडून बघायचे म्हणजे केवढे काम! रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी म्हातारपणी ते केले आणि निवडक कागदांचे ४५ भाग छापले.

बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात, मग बोरू फारसा न उचलता तिला भराभर अक्षरे जोडतात. भाषा आपली मराठीच, पण आपल्याला वाचता येत नाही.

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत असा एक कागद आहे. आजी म्हणते, तो मळ्याचा आहे. पणजोबांना वाचता यायचा. आता कोणालाच येत नाही. एकदा दिवाळीच्या साफसफाईत काकांनी तो चुलीपाशी टाकला, तर आजी ओरडतच धावली. त्याची एक कड कसरीने खाल्ली आहे. कोणाच्या घरी असे कागद असतील तर जाळू नका, गुरुजींना दाखवा.

मी आमचा दाखवला. गुरुजींना मोडी थोडीच येते. वर "श्री" आहे एवढे त्यांनी वाचले. खाली एक शब्द आपल्या गावाच्या नावासारखा दिसतो, पण नक्की नाही म्हणाले. आजीने कागद बांधायला धुतलेल्या धोतराचा तुकडा दिला. आता आमच्या घरी पण एक रुमाल आहे.

— इयत्ता चौथी