जवळ राहा, मध्ये पडू नकोस

पोरी, लेक रांगायला लागली की आईला एकाच आठवड्यात दोन गोष्टी कळतात. ती हाताला सापडत नाही आणि कडेवरून उतरतही नाही. गोंधळून जाऊ नकोस, दोन्ही वाढीच्याच खुणा आहेत. तिनं थोडा वेळ आपलं आपण रमावं आणि तुलाही पाठ टेकायला मिळावी, म्हणून हे कानमंत्र लिहून देते. एक आधी मनात धर. आपलं आपण खेळणं म्हणजे एकटं पडणं नव्हे. तुझी नजर तिच्यावर हवी, हात मात्र आवरलेला हवा. बाकी सगळं यातूनच येतं.

१. आधी तूच गुडघ्यांवर बसून घरभर रांगून ये – उभ्यानं न दिसणारी टाचणी, लोंबती वायर, कपाटाखालची डांबरगोळी तिच्या उंचीवरून सगळ्यात आधी दिसते. आधी जमीन झाडावी, मग बाळ सोडावं.

२. सगळं घर तिच्यासाठी आवरत बसू नकोस. ओट्यापाशी उभी राहिलीस तरी दिसेल असा एक कोपरा पुरता तिचा करून टाक – तिथे ‘नको, नको’ म्हणायची वेळच येऊ नये, कारण सारखं टोकलेलं बाळ खेळ सोडून आईच्या तोंडाकडे बघत राहतं.

३. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल कर. त्यातून जाईल ती वस्तू, म्हणजे साधारण ४ सेंटीमीटरहून लहान, जमिनीवर नको – नवव्या महिन्याच्या सुमारास चिमूट जमायला लागते. चिमटीत आलं, ते तोंडात गेलं.

४. रिमोट आणि गाणाऱ्या खेळण्यांत बटणासारखी चपटी बॅटरी असते, तिचं झाकण स्क्रूनं घट्ट बसवलेलं हवं – ती घशाखाली अडकली तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट न बघता रुग्णालय गाठ.

५. देवघर खाली असेल तर काही महिने देव वर ने – समई आणि उदबत्ती डोळ्यांना दिसतात, पण कापूर पोटात गेला तर लहान बाळाला झटके येऊ शकतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. देव काही रुसत नाहीत.

६. डास पळवणाऱ्या मशीनची बाटली खालच्या प्लगमधून काढ, आजीच्या गोळ्या उशीखालून आणि फिनेल मोरीतून उचल, बादली रिकामी करून पालथी घाल – बाळाचं डोकं जड, वाकलं की तोल जातो, आणि बुडायला दोन इंच पाणीही पुरतं.

७. गळ्यातला काळा दोरा आणि ताईत काढून ठेव – रांगताना कशात अडकला तर फास बसतो. पायातल्या पैंजणांचं घुंगरू न् घुंगरू रोज ओढून बघ, सैल निघालं तर साधे वाळे बरे.

८. खेळायला पलंगावर किंवा दिवाणावर ठेवू नकोस, खाली सतरंजी अंथर आणि पाय उघडे राहू दे – अनवाणी बोटं फरशी धरतात, मोज्यातले पाय घसरतात.

९. चाकांच्या वॉकरमध्ये बसवू नकोस, कुणी कौतुकानं आणला तरी माळ्यावर टाक – त्यानं चालणं लवकर येत नाही, उलट जिन्यापाशी नि गरम चहापाशी बाळ क्षणात पोहोचतं. कॅनडात तर २००४ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. आपला जुना पांगुळगाडा वेगळा, तो स्वतः उभं राहता आल्यावर, सपाट जागी आणि आपल्या नजरेखाली.

१०. पोट भरलेलं, झोप झालेली, अंग कोरडं, अशी वेळ खेळाला निवड – भुकेल्या बाळाला शंभर खेळणी दिलीस तरी त्याला आईच हवी असते. पोट भरलं, अंग सुकं, की मन रमायला होतं मोकळं.

११. आधी दहा मिनिटं तू तिच्याबरोबर मनापासून खेळ, मोबाइल लांब ठेवून, मग हळूच हातभर मागे सर – मायेचा वाटा आधी मिळाला की तो मागायला ती सारखी येत नाही.

१२. एका वेळी तीन-चारच वस्तू पुढ्यात ठेव, उरलेल्या डब्यात भरून आठवड्यानं बदल – ढिगाऱ्यात बाळ नुसतं उपसत बसतं, थोडक्यांत हात गुंततो.

१३. महागड्या खेळण्यांच्या मागे धावू नकोस. स्टीलच्या वाट्या, लाकडी चमचा, एकात एक बसणारे रिकामे डबे, मऊ फडकं पुरे – तिला वाजवायचं, आपटायचं, भरायचं आणि ओतायचं असतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा गावातल्या मुलांसाठी आजूबाजूच्या साध्या वस्तूंतूनच साधनं घडवली.

१४. विकत घ्यायचंच तर आयएसआय खूण बघून घे – १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना ती सक्तीची केली आहे. रंग, धारदार कडा, सुटणारे बारीक भाग यांची परीक्षा तिच्या तोंडात व्हायला नको.

१५. आवडती वस्तू तिच्या हाताच्या जरा पलीकडे ठेव, वाटेत एखादा लोड आडवा टाक – पुढं जाण्यात आणि चढून उतरण्यातच तिचा अर्धा खेळ आहे.

१६. चेंडू सोफ्याखाली गेला तर लगेच काढून देऊ नकोस. अगदीच वैतागली तर थोडासा तिच्याकडे सरकव – आयतं मिळालं ते हातात राहतं, मिळवलेलं डोक्यात राहतं.

१७. तंद्री लागली की कौतुक करू नकोस, हाक मारू नकोस, आणि फोटोची तुझी ती हौस जरा आवर – तंद्री एकदा मोडली की पुन्हा लागायला वेळ लागतो.

१८. कुरकुर आणि रडणं यांतला फरक कानानं शीक. कुरकुरीला मनात दहापर्यंत आकडे मोज, रडण्याला तडक जा – कित्येक कुरकुरी आकडे संपायच्या आत संपतात, आणि हाकेला आई येते हे कळलेलं बाळ कमी हाका मारतं.

१९. गुपचूप सटकू नकोस, “भांडी लावून येते” असं सांगून जा आणि खरंच ये – आठव्या महिन्याच्या आसपास तिला कळायला लागतं की दिसेनाशी झालेली आई कुठंतरी आहे, पण कधी येईल ते कळत नाही. सांगून गेलेली आई लवकर येते.

२०. बुवा-कूक रोज खेळ, आधी पदराआडून, मग दाराआडून – नाहीसं झालेलं माणूस परत येतं, हा धीर हसत-हसत अंगात मुरतो.

२१. कामात असलीस तरी बोलत राहा, पण आंघोळीला किंवा दाराशी जाताना तिला कुणाच्या तरी ताब्यात दे, कुणीच नसेल तर पाळण्यात ठेव – तुझा आवाज तिची सोबत करतो, राखण मात्र डोळ्यांनीच होते.

२२. शांत बसावी म्हणून पडदा दाखवू नकोस – जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको. पडद्यापुढं बाळ गप्प बसतं, रमत नाही.

२३. आजी, आजोबा, नवरा, मदतीच्या ताई, सगळ्यांना हे वाचून दाखव. संक्रांतीचं बोरन्हाण होईल तेव्हा बोरं, हलवा, चुरमुरे वेचायला दोन माणसं आधीच नेम – सणाच्या गडबडीत प्रत्येकाला वाटतं की बाळाकडे दुसरं कुणीतरी बघतंय.

२४. शेजारच्या बाळाशी तुलना करू नकोस. सुरुवातीला दोन-पाच मिनिटं रमली तरी पुष्कळ, आणि कुणी सरपटतं, कुणी बसल्या बसल्या सरकतं, तर कुणी न रांगता उभं राहतं – वाढीच्या वाटा अनेक असतात. एकच बाजू वापरत असेल किंवा वर्ष भरत आलं तरी कशीच पुढं सरकत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखव.

२५. खेळता खेळता ती रांगत येईल आणि तुझ्या गुडघ्याला धरेल, तेव्हा हातातलं काम ठेव, पोटभर जवळ घे, आणि परत खाली उतरायचं कधी ते तिलाच ठरवू दे – ढकललेलं बाळ चिकटून बसतं, मन भरलेलं बाळ आपणहून लांब जातं.