व्हिनेगरसाठी मिथिल ऑरेंज का चालत नाही?

प्रश्न : व्हिनेगरचे सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करताना मिथिल ऑरेंज वापरले. ब्युरेटचे रीडिंग अपेक्षेपेक्षा फारच कमी आले. असे का?
– बारावीची विद्यार्थिनी

उत्तर : तुझा हात चुकलेला नाही, दर्शक चुकला आहे. व्हिनेगरमधले अ‍ॅसेटिक आम्ल सौम्य असते. अल्क पडू लागताच तयार होणारा सोडियम अ‍ॅसिटेट उरलेल्या आम्लासोबत बफर बनवतो आणि सामू 4 ते 5.5 च्या आसपास बराच वेळ रेंगाळतो. मिथिल ऑरेंजचा रंग 3.1 ते 4.4 या टप्प्यातच बदलतो. म्हणजे द्रावण पिवळे दिसते तेव्हा जेमतेम 30 टक्के आम्ल संपलेले असते! खरा अंत्यबिंदू सामू 8.7 च्या जवळ असतो, कारण अ‍ॅसिटेट आयन पाण्याशी अभिक्रिया करून द्रावण किंचित अल्कधर्मी करतात. म्हणून 8.2 नंतर गुलाबी होणारे फिनॉल्फ्थॅलीन घे. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांब. नंतर ती विरली तरी पुन्हा थेंब टाकू नकोस. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने तसे होते. शंकुपात्र मात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्यानेच धू. त्यात आम्लाचे थेंब राहिले, तर रीडिंग वाढेल.