वराह पिल्लांची हगवण : प्रतिजैविकांऐवजी खाद्यातील उपाय



वराहपालनाचा नफा मादीने किती पिल्ले दिली यापेक्षा त्यातील किती जगली व वाढली यावर ठरतो. जन्मतः एक ते सव्वा किलो वजनाचे पिल्लू आईच्या दुधावर चांगले वाढते. पण दूध तोडल्यावर आठ-दहा दिवसांतच त्याला पातळ हगवण लागते आणि वाढ खुंटते. अशा वेळी दुकानातून प्रतिजैविकाची पूड आणून सरसकट सगळ्या पिल्लांच्या खाद्यात मिसळण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ही सवय मोडणे का जरुरीचे आहे व तिच्याऐवजी काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

हगवण का लागते?

लहान पिल्लाच्या जठरात आम्ल फार कमी तयार होते. दूध पीत असताना दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनते व ती उणीव भरून निघते. दूध तुटले की हे आम्ल कमी होते. धान्याचे खाद्य नीट पचत नाही आणि न पचलेल्या प्रथिनांवर ई. कोलाय नावाचे जिवाणू आतड्यात झपाट्याने वाढतात. म्हणजे मूळ दोष पचनाचा आहे.

प्रतिजैविके सरसकट का देऊ नयेत?

थोड्या मात्रेत रोज औषध दिल्यास जिवाणू त्याला सरावतात. असे जिवाणू शेणखतातून शेतात, पाण्यात व माणसापर्यंत पोचतात. मग घरातील मूल आजारी पडले तर तेच औषध लागू पडत नाही. म्हणूनच कोलिस्टिन या औषधाचा पशुखाद्यातील वापर भारत सरकारने जुलै 2019 मध्ये बंद केला. युरोपीय देशांत वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविके देण्यास 1 जानेवारी 2006 पासून बंदी आहे. डेन्मार्कने त्याआधीच, 2000 पर्यंत, ही प्रथा थांबवली. तेथे सुरुवातीला दूध तुटलेल्या पिल्लांत हगवण वाढली होती. यावरून बोध घ्यावा, की नुसती पूड बंद करून भागत नाही. आधी व्यवस्थापन सुधारावे लागते.

दूध तोडताना घ्यावयाची काळजी

1. जन्मल्याबरोबर प्रत्येक पिल्लाला चीक पाजावा. तिसऱ्या दिवशी पशुवैद्यकाकडून लोहाचे इंजेक्शन द्यावे.
2. दहाव्या ते चौदाव्या दिवसापासून मादी पोचणार नाही अशा कप्प्यात थोडे थोडे कोरडे खाद्य व स्वच्छ पाणी ठेवावे.
3. सहा आठवड्यांच्या आत दूध तोडू नये. आठ आठवडे उत्तम.
4. दूध तोडताना मादी हलवावी, पिल्ले जुन्याच जागी ठेवावीत. दोन विणींची पिल्ले एकत्र करू नयेत.
5. पहिले चार-पाच दिवस खाद्य दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे द्यावे.
6. जागा कोरडी ठेवावी. हिवाळ्यात रात्री गवताचे अंथरूण घालावे.

पिल्लांचे खाद्य (100 किलो)

मक्याचा भरडा 60 किलो, सोयाबीनची ढेप 22 किलो, गव्हाचा कोंडा 8 किलो, मासळीची भुकटी 6 किलो, गूळ 2 किलो, क्षार मिश्रण दीड किलो व मीठ अर्धा किलो. यातून सुमारे 19 ते 20 टक्के प्रथिने मिळतात.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस व सोयाबीन भरपूर, म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. ती पिल्लांना मुळीच देऊ नये. कच्च्या सोयाबीनमधील द्रव्य प्रथिनांचे पचन अडवते. म्हणून घरचे सोयाबीन चांगले भाजल्याशिवाय वापरू नये. मका बुरशी लागलेला नसावा.

खाद्यात मिसळावयाचे पदार्थ

*सायट्रिक आम्ल (लिंबूसत्त्व) :* खाण्यायोग्य प्रतीचे, 100 किलो खाद्यात 1 किलो. आधी थोड्या कोंड्यात व मग सर्व खाद्यात मिसळावे. अशा खाद्यात चुनखडीची भुकटी जादा घालू नये. ती आम्ल मारून टाकते व खर्च वाया जातो.

*उपयुक्त जिवाणू व यीस्ट :* बाजारातील प्रोबायोटिक पुडीवरील मात्रा व मुदत पाहून वापरावी. त्याच वेळी प्रतिजैविक दिल्यास हे जिवाणूही मरतात.

*आंबवलेले खाद्य :* एक भाग खाद्य, दोन भाग पाणी व थोडे ताजे दही झाकून एक दिवस ठेवावे. आंबट वास आला की द्यावे. बुरशी किंवा कुजका वास आल्यास फेकावे. भांडी रोज धुवावीत.

*लसूण, हळद :* उपयोग होतो असे प्रयोग आहेत, पण परिणाम सारखे मिळत नाहीत. केवळ यांवर विसंबू नये.

स्वतः पडताळून पहा

एका विणीतील दहा पिल्लांचे सारख्या वजनाचे पाच-पाचचे दोन गट करावेत. एका गटाला साधे, दुसऱ्याला आम्ल मिसळलेले खाद्य द्यावे. पहिल्या व अठ्ठाविसाव्या दिवशी वजन, रोजचे खाद्य, हगवणीचे दिवस व खर्च वहीत लिहावा. वाढलेल्या वजनाची किंमत जादा खर्चापेक्षा अधिक भरली, तरच उपाय चालू ठेवावा.

महत्त्वाची सूचना

वरील उपाय प्रतिबंधक आहेत. पिल्लू मलूल झाले, ताप आला किंवा हगवणीत रक्त दिसले, तर ताबडतोब पशुवैद्यकास दाखवावे. त्यांनी सांगितलेले प्रतिजैविक आजारी पिल्लालाच, पूर्ण मुदत द्यावे. स्वाईन फीव्हरची लस टोचून घ्यावी. खाद्यातील कोणताही पदार्थ तिची जागा घेऊ शकत नाही. हॉटेलातील उरलेले अन्न उकळल्याशिवाय देऊ नये. अधिक माहितीसाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा कृषि विज्ञान केंद्र, यवतमाळ येथे संपर्क साधावा.