मातेचे सुख-दुःख आणि आपली जबाबदारी

मातेच्या थोरवीविषयी आपल्यात मतभेद नाही. लग्नाच्या मजलिसीत, जुम्याच्या बयानात आणि घरातील बोलण्यात तिचा गौरव नेहमीच होत असतो. प्रश्न वेगळाच आहे. या गौरवाने तिच्या डोक्यावरील भार किती हलका होतो? पवित्र कुरआन मातेच्या स्तुतीवर थांबत नाही. तो तिचे कष्ट नेमकेपणाने नमूद करतो आणि त्या कष्टांची जबाबदारी इतरांवर सोपवितो.

कष्टांची नोंद

सूरह लुकमानमध्ये (३१:१४) अल्लाहने माणसाला मातापित्यांविषयी ताकीद दिली आहे. मात्र कारण सांगताना उल्लेख मातेचाच आहे. अशक्तपणावर अशक्तपणा सोसून तिने त्याला उदरात वाहिले आणि दोन वर्षांत त्याचे दूध सुटले. सूरह अहकाफमध्ये (४६:१५) गर्भारपण व दूधपान मिळून तीस महिन्यांचा हिशेब आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना एकाने विचारले की, माझ्या सद्वर्तनावर सर्वाधिक हक्क कोणाचा? त्यांनी तीन वेळा मातेचे आणि चौथ्या वेळी पित्याचे नाव घेतले (बुखारी, मुस्लिम).

अश्रूंना मनाई नाही

पुष्कळदा दुःखी मातेला आपण सब्र करण्यास सांगतो आणि कर्तव्य संपले असे मानतो. कुरआनची रीत पाहा. प्रसूतीच्या वेदनांत खजुराच्या खोडापाशी एकाकी असलेल्या हजरत मरयम (अ.) यांनी, यापूर्वीच मरण आले असते तर बरे, असे उद्गार काढले (१९:२३). त्याबद्दल त्यांची निर्भर्त्सना झाली नाही. त्यांना धीर मिळाला, पायापाशी पाण्याचा झरा मिळाला आणि ताजी खजूर मिळाली. म्हणजेच प्रथम अन्न, पाणी आणि दिलासा.

हजरत मूसा (अ.) यांच्या मातेने तान्हे बाळ नदीत सोडले, तेव्हा तिचे हृदय रिते झाले, असे कुरआन सांगतो (२८:१०). पुढे ते बाळ तिच्याच कुशीत परत आले. तिचे डोळे निवावेत आणि तिने शोक करू नये, हा परत देण्याचा हेतू तेथेच सांगितला आहे (२८:१३). मातेचा आनंद ही अल्लाहपाशी क्षुल्लक गोष्ट नव्हे. स्वतः प्रेषित (स.) पुत्र इब्राहीम यांच्या मृत्यूसमयी रडले आणि त्या अश्रूंना त्यांनी दया म्हटले (बुखारी).

मुलामुळे मातेची हानी नको

सूरह बकरहच्या २३३ व्या आयतीत नियम स्पष्ट आहे. दूध पाजणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर आहे, तो नसेल तर वारसावर. मुलाचे दूध सोडविणे दोघांच्या संमतीने व विचारविनिमयाने व्हावे. आणि मुलाच्या कारणाने मातेला हानी पोहोचता कामा नये. ही आयत तलाकच्या आदेशांच्या ओघात आली आहे. जेथे नाते तुटले तेथेही मातेचा हक्क तुटत नाही, तर नांदत्या घरात तो किती अधिक असेल!

आता हा नियम आपल्या परिसराला लावून पाहू. प्रवरेकाठचे आपले बेलापूर उसाच्या पट्ट्यात आहे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि ऊसतोड कामगारांची कुटुंबे फडांवर येतात. पती-पत्नी मिळून एक कोयता धरला जातो आणि उचलही त्या जोडीला मिळते. पहाटे भाकऱ्या थापून ती माता बाळासह फडावर जाते, त्याला झोळीत निजविते आणि दिवसभर मोळ्या वाहते. मूल आजारी पडले म्हणून ती थांबली, तर खाडा तिच्या अंगावर पडतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. कामात खंड पडू नये, हेही त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले.

वाचकहो, मुलाच्या कारणाने मातेची हानी याहून वेगळी काय असते? ती कोणत्याही धर्माची असो, हा अन्याय पाहून आपण स्वस्थ बसू शकत नाही.

आपण काय करावे?

१. बाळंतिणीचा आहार, औषध व विश्रांती यांचा खर्च उपकार म्हणून नव्हे, तर तिचा हक्क म्हणून करावा.

२. रात्री रडणाऱ्या बाळाला पित्यानेही घ्यावे. प्रेषित (स.) घरकामात हातभार लावीत (बुखारी).

३. नमाजमध्ये मुलाचे रडणे कानी येताच, मातेला त्रास होऊ नये म्हणून प्रेषित (स.) नमाज आटोपती घेत (बुखारी). मग मुलाच्या रडण्यावरून मातेला रागावणारे आपण कोण?

४. ज्या मातेचे मूल गेले, तिला लगेच उपदेश करू नये. तिच्याजवळ बसावे, तिच्या घरी जेवण पोहोचवावे.

५. शेतात, दुकानात किंवा घरकामाला ठेवलेल्या बाईला मूल असेल, तर त्याच्या आजारपणात तिची मजुरी कापू नये.

मातेच्या सुखदुःखाचा हिशेब अल्लाहने ठेवला आहे. त्या हिशेबात आपल्या नावापुढे काय लिहिले जाईल, याचा विचार प्रत्येकाने आजच करावा. अल्लाह आपणा सर्वांना मातेचा हक्क जाणण्याची व तो अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.