निर्णय घेणारी नायिका

लायब्ररीतली ‘स्वामी’ आणि ‘राऊ’ पानं सुटेपर्यंत वाचली जातात. एरवी इतिहास आपल्याला परीक्षेपुरताही नको असतो! मग इथे काय ओढून घेतं? बहुतेकदा नायिका.

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तली (१९६२) रमाबाई जीव लावते, पण तिचं आयुष्य माधवरावांभोवतीच फिरतं. १७७२ मध्ये थेऊरला ती सती जाते. आपण रडतो. निर्णय तिचाच, असं म्हणावं तर दुसरा मार्ग कुठे होता? ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’तली (१९७२) मस्तानी वेगळी. पेशव्यांच्या घराला आपलं नातं मान्य नाही, हे ठाऊक असूनही ती ते सोडत नाही. तिच्या बाजूने आपण भांडू लागतो, कारण ती स्वतः निवडते आणि किंमतही मोजते.

अशा बायका फक्त कादंबरीतच असतात का? कर्जत-खालापूरकरांनी तरी असं म्हणू नये! खोपोलीजवळ उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवरायांनी कारतलबखानाची फौज कोंडली. खानाबरोबर माहूरची रायबागन होती. ‘आता शरण जा’ असा सल्ला तिनेच दिला, हा प्रसंग ‘शिवभारता’त आहे. खानाने ऐकलं, खंडणी भरली आणि सुटला. प्रेमकथा नाही, तरी नायिका पक्की!

म्हणून मित्र-मैत्रिणींनो, पुढची कादंबरी वाचताना एवढंच विचारा : नायिकेने काहीच ठरवलं नसतं, तर कथा बदलली असती का? उत्तर ‘नाही’ आलं, तर ती फक्त मुखपृष्ठापुरती आहे.